भुलीतली मोजणी

१

रत्तियाचा दिवस सकाळी सव्वासातला मशिनच्या तपासणीनं सुरू होई. ऑक्सिजन नीट येतोय का, नळी कुठं गळतेय का, श्वासाबरोबर द्यायचं औषध त्याच्या टाकीत रेघेपर्यंत आहे का. मग ट्रेमध्ये सिरिंजा. दुधासारखं पांढरं औषध माणसाला झोपवायचं, पाण्यासारखं दिसणारं स्नायू सैल करायचं, छोट्या सिरिंजेतलं वेदना मारायचं. प्रत्येक सिरिंजेवर ती स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावी आणि सगळ्या एका रेषेत मांडी. तिच्या हाताखाली शिकलेला निपोन म्हणायचा, "ताई, विहारात दान मांडतात त्यापेक्षा तुमचा ट्रे नीटस असतो."

मेकोंगच्या काठावरच्या त्या गावात हॉस्पिटल एकच. सर्जन एक, डॉक्टर कृत. भूल देणाऱ्या नर्स दोन, रत्तिया आणि निपोन. बावीस वर्षांत रत्तियानं दहा-बारा हजार माणसं झोपवली होती आणि सगळी उठवली होती. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायची गरज तिला कधी वाटली नाही.

तिची एक सवय मात्र कुठल्या पुस्तकात नव्हती. औषध शिरेत सोडताना ती माणसाच्या कानाशी वाकून सांगे, "डोळे मिटा आणि एकपासून मोजा." बहुतेकांची गाडी सहा-सातवर थांबे. बाराच्या पुढं कुणी गेलेलं तिला आठवत नव्हतं. जो शेवटचा आकडा ऐकू येई तो ती कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवी. त्याचा औषधोपचाराशी काडीचा संबंध नव्हता. सवय होती, एवढंच.

त्या सोमवारी पहिला नंबर बुनथोम काकांचा, हर्नियाचं ऑपरेशन.

"डॉक्टरीणबाई, मला शाळेत वीसच्या पुढं कधी आलं नाही हं," काका म्हणाले.

"वीसपर्यंत पोचलात तर माझी नोकरी जाईल, काका. मोजा."

काका सातपर्यंत पोचले. दुसरा नंबर शाळेतल्या पिमजाईबाईंचा, छातीत गाठ. रत्तियानं पांढरं औषध सोडलं आणि मोजायला सांगितलं. बाईंनी डोळे मिटले आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, "आठ."

"एकपासून, बाई."

"एकपासूनच मोजतेय की," पिमजाईबाई किंचित रागानं म्हणाल्या. "नऊ. दहा."

तेरावर त्यांचा आवाज थांबला. रत्तियाला गंमत वाटली. भीती वगैरे काही नाही, नुसती गंमत. तिसरे आले ते विहारातले वृद्ध भिक्खू. बाईनं त्यांना हात लावायचा नसतो, म्हणून सुई निपोननं लावली आणि रत्तिया डोक्याशी उभी राहिली. भिक्खूंनी दीर्घ श्वास घेतला आणि ते शांतपणे म्हणाले, "चौदा."

२

त्याच सोमवारी आणखी एक गोष्ट घडली होती, पण तिचा याच्याशी संबंध असेल असं कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. रत्तियाची आई हॉस्पिटलच्या फाटकावर आली नव्हती.

लामदुआन म्हणजे रत्तियाची आई, वय बहात्तर. सगळ्या पंचक्रोशीत ती ख्वान उपसणारी म्हणून प्रसिद्ध. माणूस घाबरला, पडला, कापला गेला की त्याच्या अंगातला ख्वान, म्हणजे जिवाचा अंश, दचकून बाहेर पडतो आणि जिथं घाबरला तिथंच बसून राहतो, असं तिकडची माणसं मानतात. मग घरच्या बायका ओढ्यातले मासे उपसायचं बांबूच्या कडीचं हातजाळं घेतात, त्यात त्या माणसाचा सदरा, उकडलेलं अंडं, केळं आणि चिकट भाताचा गोळा ठेवतात आणि त्या जागी जाऊन हवेतून जाळं फिरवत हाका मारतात. जाळं जड लागलं की तोंड बांधून घरी आणतात. लामदुआनला जाळ्याचं वजन बरोबर कळतं, असं म्हणत. त्यामुळे ऑपरेशन झालेल्यांचे नातेवाईक तिलाच बोलवत.

म्हणजे आत मुलगी मशिनजवळ आणि बाहेर फाटकाशी आई जाळं घेऊन. रत्तियाला याची लाज वाटे. एकदा शहरातून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "ह्या आजीबाई फाटकात मासे कसले पकडतायत?" रत्तियानं तेव्हा मान खाली घातली होती आणि आपली ओळख सांगितली नव्हती.

आता आईच्याच पोटात उजव्या बाजूला कळ येत होती, म्हणून ती फाटकावर आली नव्हती. पित्ताशयात खडे, पिशवी सुजलेली. काढायलाच हवी होती. पण हृदय अशक्त, आणि मोठ्या शहरात जायला आई तयार नव्हती.

"तुझ्या हातची भूल घेईन. परक्याच्या हातानं मी कुठं जाणार नाही," ती म्हणाली.

रत्तिया स्वतः एकदाच टेबलावर झोपली होती, नऊ वर्षांची असताना, ह्याच हॉस्पिटलात. सकाळी आई तिची वेणी घालत होती आणि एक वेणी झाल्यावर पोटात अशी कळ आली की ती ओरडत जमिनीवर लोळली. वडिलांनी तिला तशीच उचलली आणि नावेत घातली. आई तान्ह्या भावाला घेऊन मागं राहिली. त्याच दिवशी नदीला पाणी चढलं, रस्ता बुडाला आणि आई तिसऱ्या दिवशी पोचली. जाळं घेऊन आली होती. तोवर पोरगी उठून पेज खात होती. तिथली नर्स हसली आणि म्हणाली, "ठणठणीत आहे की तुमची मुलगी. हे जाळं कशाला?" आई ओशाळली आणि जाळं पाठीमागं लपवून तशीच परत फिरली.

त्या वेळी इथरची भूल असे. तारेच्या मास्कवर थेंब थेंब टाकत, आणि चढायला बराच वेळ लागे. म्हातारे डॉक्टर मुलांना मोजायला सांगत. रत्तिया वर्गात पाढ्यांत पहिली, त्यामुळे तिनं मोठ्या ऐटीत मोजायला सुरुवात केली. सुरुवात केल्याचं तिला अजून आठवतं. थांबल्याचं आठवत नाही.

३

मंगळवारी सकाळी पहिल्या माणसानं एकवीस म्हटलं.

रत्तिया काही भोळी बाई नव्हती. तिनं कारणं शोधली. वाट बघणारे पेशंट आतलं ऐकत असतील? पण ते बागेपलीकडच्या इमारतीत असत. निपोन चेष्टा करतोय? निपोनला चेष्टेचा सोस होता खरा, पण भिक्खूंना कटात सामील करून घेण्याइतका नाही. मग आपल्याच कानांचा दोष? तिनं कान तपासून घेतले. कान उत्तम होते. बुधवारी शुद्धीवर आलेल्या एका माणसाला तिनं सहज म्हणून विचारलं, "कुठून मोजायला सुरुवात केलीत?" तो म्हणाला, "एकपासून. तुम्हीच सांगितलंत ना?" त्यानं बत्तीसपासून सुरुवात केली होती.

बुधवारी दुपारी सायरुंग नावाची विणकर बाई आली. जन्मापासून बहिरी आणि मुकी. सदतीस हा आधीचा आकडा कोपऱ्यात लिहून झाला होता. रत्तियाला एकदम हायसं वाटलं, कारण आता काय ते कळणार होतं. तिनं पाटीवर लिहून दाखवलं की बोटांवर मोज, एकपासून. सायरुंगनं हसून मान डोलवली.

औषध गेलं. सायरुंगचा मोकळा हात वर आला. आधी तीन बोटं. मग मूठ. मग पाच, आणि लगेच तीन.

खोलीत मशिनचा सूं-फस् असा आवाज तेवढा चालू होता. हात पुन्हा उघडला. तीन. मूठ. पाच. चार. मग बोटं सैल पडली.

"ताई, काय दाखवत होती ती?" निपोननं विचारलं.

"एकोणचाळीस," रत्तिया म्हणाली. तिनं मास्क धरला होता आणि कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं होतं. घाबरली होती, हे तर झालंच. पण त्या भीतीखाली दुसरंही काही होतं, आणि ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. एखाद्या फार मोठ्या देवळाच्या दारात उभं राहिल्यासारखं तिला वाटत होतं. ही सगळी माणसं वेगवेगळी झोपत नव्हती. कुठंतरी एकाच ठिकाणी जात होती, आणि तिथं कुणीतरी त्यांची नोंद ठेवत होतं.

४

आईचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी ठरलं. आदल्या शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत रत्तिया जुन्या थिएटरमध्ये गेली. नव्या थिएटरला लागून असलेली ती खोली आता चादरी ठेवायला वापरत. छताला जुन्या दिव्याची लोखंडी कडी अजून होती. तिच्याच खाली ती नऊ वर्षांची असताना झोपली होती. चादरींना साबणाचा आणि उन्हाचा वास होता. ती भिंतीशी गेली तसा त्यात गोडसर, घशात बसणारा दुसरा वास मिसळला. हॉस्पिटलातून इथर जाऊन तीस वर्षं झाली होती. तिनं भिंतीला कान लावला. पलीकडून कुणी कुजबुजत होतं की चादरी वाळवायच्या यंत्राची घरघर होती, ते तिला ठरवता आलं नाही. ठरवायला ती थांबलीही नाही.

त्या संध्याकाळी आईनं ओसरीवर चटई टाकली आणि विचारलं, "आता मला नीट सांग. तू माझं काय करणार आहेस?"

"भूल देणार, आई. भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्याला डास चावला तरी तो हात मारतो. भुलीत पोट उघडलं तरी दुखत नाही, कळत नाही, आठवत नाही आणि हलता येत नाही."

"म्हणजे मेल्यासारखंच की!"

"मेलेल्याचा श्वास मला सांभाळावा लागत नाही." रत्तियाला हसू आलं. "दोन वाटा असतात. एक शिरेतून. अर्ध्या मिनिटात माणूस जातो, पण तितक्याच लवकर परत यायला बघतो. म्हणून दुसरी, श्वासातून. ती वाफ असते. ती चालू आहे तोवर माणूस तिकडं, बंद केली की इकडं. शिरेतल्या औषधांतही प्रकार आहेत. पांढरं दुधासारखं असतं ते रक्तदाब पाडतं. तुझ्या हृदयाला झेपेल असं वेगळं आहे, ते देईन. एक तर असं आहे की डोळे उघडे राहतात आणि माणूस मात्र घरात नसतो."

"आणि हातपाय बांधतात ते?"

"ते औषध वेगळं, स्नायू सैल करणारं. ती भूल नाहीच. आणि दुखणं मारायचं आणखी वेगळं."

"अगं बाई, एका म्हातारीला धरायला एवढे पहारेकरी!" लामदुआननं पानाची पिचकारी टाकली. "आणि तिकडं म्हणजे कुठं?"

रत्तिया खरं तेच बोलली. "कुणाला माहीत नाही. पावणेदोनशे वर्षं माणसं ही औषधं वापरतायत. औषध डोक्यात कुठं चिकटतं ते आता सांगतात. माणूस कुठं जातो ते कुणी सांगत नाही."

"मग तू धाडतेस आणि मी उपसून आणते. धंदा एकच की आपला." आई हसली, आणि पोटात कळ आली तशी वाकली. सावरल्यावर म्हणाली, "रत्ती, मला तूच उपसायचंस. थिएटरच्या दारात. सगळ्यांसमोर. लाजायचं नाही."

"आई—"

"शब्द दे."

रत्तियानं शब्द दिला. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एकच विचार घोळत होता. ती मोजणी कुठं चाललीय ते माहीत नाही. कुणाची आहे ते माहीत नाही. दहा हजार माणसं त्या रांगेत उभी राहोत, आपली आई नाही राहणार.

५

मंगळवारी शेवटच्या पेशंटनं दोनशे सहावर आवाज सोडला. बुधवारी सकाळी आठला लामदुआन टेबलावर होती. जाळ्याची पिशवी तिनं स्वतः आणून निपोनच्या हातात दिली होती आणि त्याला दम भरला होता, "अंडं खाऊ नकोस हं, मेल्या."

रत्तियानं आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला. आईचा चेहरा हिरव्या कापडात एवढासा दिसत होता. रत्तियानं तिचं कपाळ कुरवाळलं.

"कितीपासून मोजू?" आईनं मास्कमधून विचारलं.

"मोजू नकोस. नुसते डोळे मीट."

"सगळ्यांना मोजायला लावतेस ना?"

"तुला नाही लावायचं."

औषध निम्मं आत गेलं होतं. लामदुआनच्या पापण्या जड झाल्या. "अगं," ती पुटपुटली, "पण तिकडं कुणी विचारलं तर?"

आणि ती गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कागदाचा कोपरा कोरा राहिला.

ऑपरेशन सरळ झालं. डॉक्टर कृतांनी पिशवी काढून दाखवली, आत करवंदाएवढे खडे. सव्वानऊला शेवटचा टाका पडला. रत्तियानं वाफ बंद केली आणि स्नायूंचं औषध उलटवणारं औषध दिलं. आईचा श्वास तिचा तिला सुरू झाला, छाती छान वरखाली होऊ लागली. नळी काढली. "आई, डोळे उघड."

डोळे उघडले नाहीत.

दहा वाजले. अकरा वाजले. साखर बरोबर. अंगात ऊब. रक्तदाब चाळिशीतल्या बाईला असावा असा. बाहुल्या उजेडाला आक्रसत होत्या. अंगातली सगळी औषधं केव्हाच उतरून गेली असणार होती. रत्तियानं स्वतः तीनदा हिशेब केला आणि तीनदा तेच उत्तर आलं. डॉक्टर कृतांनी चिमटा काढून पाहिला, आईचा हात किंचित मागं सरकला, बस्.

"डोक्यात गुठळी असू शकते," ते हळू आवाजात म्हणाले. "मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढायला हवा. दीड वाजता रुग्णवाहिका येईल." मग त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही बसता का जरा?"

रत्तिया बसली नाही. बसली असती तर ती मोठ्यानं रडली असती. दहा हजार माणसं उठवली, आणि ही एक उठत नव्हती. आणि कोपरा कोरा होता. तो कुणी कोरा ठेवला, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

६

साडेबाराला निपोननं पिशवी आणून तिच्या हातात दिली.

थिएटर आणि शुद्धीवर आणायची खोली यांच्यामध्ये एक छोटी मोकळी जागा होती, दोन्ही बाजूंना दारं. रत्तिया तिथं उभी राहिली. जाळ्यात आईचा निळा ब्लाऊज, अंडं, केळं, भाताचा गोळा. हिरवी टोपी घातलेली बाई हातात मासे पकडायचं जाळं घेऊन उभी. येणारे-जाणारे थबकले. तिचे कान तापले. तिनं जाळं हवेतून फिरवलं आणि लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेले शब्द पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हटले.

"ये गं ख्वान, ये. पाण्यात असशील तर ये, रानात असशील तर ये. लामदुआनचे ख्वान, घरी भात शिजलाय, अंथरूण घातलंय. ये."

जाळं हलकं होतं. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा हाक मारली. बांबूच्या कडीला अंड्याएवढंच वजन. पाच वेळा, दहा वेळा. उघड्या दारातून आईचा चेहरा दिसत होता, शांत आणि बंद. दीड वाजायला पंचवीस मिनिटं होती.

थिएटरमध्ये निपोननं पुढचा पेशंट घेतला होता. नावाडी, पोटात आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात, थांबण्यासारखं नव्हतं. दारातून निपोनचा आवाज आला, "काका, लांब श्वास घ्या. झोप लागेल."

निपोन कधी कुणाला मोजायला सांगत नसे. रत्तियाच्या हातातलं जाळं थांबलं.

"निपोन!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाहेरच्या नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला. "त्यांना मोजायला सांग! लवकर!"

"मोजा, काका," निपोन म्हणाला.

नावाड्याचा घोगरा आवाज. "दोनशे सात." श्वास. "दोनशे आठ."

मग तो थांबला. झोपला म्हणून थांबला नव्हता. बोलणाऱ्यानं दुसऱ्याला जागा द्यावी तसा थांबला होता. मशिनचा आवाज, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज.

तिच्या पाठीमागच्या खोलीतून, डोळे मिटलेल्या आईच्या तोंडून, अगदी स्वच्छ आवाज आला. "दोनशे नऊ."

"दोनशे दहा," नावाडी म्हणाला आणि झोपला.

जाळ्याची कडी खाली वाकली. ओला कपडा टाकावा एवढं वजन आलं, दोन्ही हातांना लागेल असं. रत्तियाला आईनं कधी शिकवलं नव्हतं, पण तिच्या हातांनी आपोआप जाळ्याचं तोंड मुठीत आवळलं. ती वळली तेव्हा लामदुआन छताकडे बघत होती.

"रत्ती," ती कोरड्या आवाजात म्हणाली, "कोंबड्यांना दाणे टाकले का गं कुणी?"

७

आई पाचव्या दिवशी घरी आली. शेजारची बुआली मावशी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. रत्तिया बांधलेलं जाळं छातीशी धरून खाली थांबली.

"आली का?" बुआलीनं रीतीप्रमाणे विचारलं.

"आली."

"आली का?"

"आली."

तिसऱ्यांदा विचारल्यावर रत्तियानं नुसती मान हलवली. मग बायकांनी लामदुआनच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले, ताजं उकडलेलं अंडं सोलून तिला भरवलं आणि चेष्टामस्करी करत आपापल्या घरी गेल्या. ऊन ओसरीवर आलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती.

"बरीच माणसं होती तिकडं," ती आपणहून म्हणाली. "काठावर नावेची वाट बघत बसतात तशी. अंधार नव्हता. उजेड म्हणावा तर तोही नव्हता. नजर पोचेल तिथवर माणसं, रत्ती. आणि कुणी घाबरलेलं नव्हतं. प्रत्येकाला आपला आकडा ठाऊक होता. मलाच नव्हता."

"माझी चूक झाली, आई."

"एक मुलगी हजेरी घेत फिरत होती. आठ-नऊ वर्षांची. एकीलाच सगळं बघायचं म्हणजे काय! आवाज बसला होता तिचा. मला आकडा विचारला. म्हटलं, माझ्या लेकीनं दिलाच नाही. तर म्हणाली, थांबा आजी, पुढचा माणूस आला की तुम्हाला मध्ये घालते."

रत्तियाच्या पोटावरची जुनी खूण एकदम गार पडल्यासारखी झाली.

"आजी म्हणाली मला," लामदुआन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. "तिनं मला ओळखलं नाही गं. मी ओळखलं. मी जाळं पाठीमागं लपवून परत गेले ना, ती नर्स हसली म्हणून, तेव्हाची तिथंच राहिलीय ती." तिनं हात लांब केला. "तिची एक वेणी सुटीच आहे अजून. म्हटलं, ये, घालते. तर म्हणाली, आता नको आजी, माणसं येतायत."

आईनं चटईवर थाप मारली. "बस पुढ्यात."

सेहेचाळीस वर्षांची रत्तिया आईकडे पाठ करून बसली. आईनं तिचा अंबाडा सोडला, करड्या केसांचा मधोमध भांग पाडला. उजवी वेणी घातली. मग डावी घ्यायला तिची बोटं थांबली आणि पुन्हा चालू लागली. तीन पेड, घट्ट, शाळेत जाताना घालायची तशी. टोकाला बांधायला काही नव्हतं, म्हणून आईनं मनगटावरचा एक पांढरा दोरा सोडून बांधला. खुंटीला टांगलेल्या रिकाम्या जाळ्याची कडी करकरली. वारा नव्हता. रत्तियाच्या अंगात इतका शीण दाटून आला, जणू कितीतरी वर्षं ती बसलीच नव्हती. ती तिथंच आईच्या मांडीवर कलंडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपली.

८

ती कामावर गेली तेव्हा टोपीखाली दोन वेण्या होत्या. निपोननं त्या बघितल्या आणि सिरिंजांचा ट्रे तिच्यापुढं सरकवला.

मशिन तपासलं. सिरिंजा ओळीनं लावल्या. पहिला पेशंट एक तरुण रबरमळेवाला, हर्निया. तिनं कागदावर आदल्या दिवशीचा आकडा पाहिला. निपोननं आता मोजायला सांगायची सवय लावून घेतली होती. दोनशे एकावन्न.

"डोळे मिटा आणि मोजा," ती म्हणाली.

"एक," तो म्हणाला.

रत्तियानं कागदावरचा आकडा पुन्हा पाहिला.

"दोन. तीन." आवाज एकटा होता. रिकाम्या घरात बोलावं तसा. "चार. पाच. सहा."

पोरगा गेला. तिनं नळी घातली, वाफ चालू केली, सगळं केलं. हात आपोआप चालत होते. मनात एवढंच येत होतं की ती पोर घरी आली, वेणी घालून झाली, आणि आता तिकडं कुणी नाही. हा इतक्या लांब गेलाय आणि याला मध्ये घालायला कुणी नाही.

मग तिनं स्टूल ओढलं, त्याच्या डोक्याशी बसली आणि कानाशी वाकली.

"सात," ती म्हणाली.

मशिननं पुढचा श्वास दिला. "आठ." डॉक्टर कृतांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. ती प्रत्येक श्वासाला एक आकडा म्हणत गेली, हळू, न चुकता, पन्नास, शंभर, दोनशे. तिच्या आवाजाला मध्येच शाळेतली ती ऐट आली, आणि तिचं तिलाच हसू आलं. घसा सुकला. चारशेच्या पुढं तो बसायला लागला. निपोननं न विचारता पाण्याचा पेला तिच्या हाताशी आणून ठेवला, पण ती थांबली नाही. टाके पडले, वाफ बंद झाली, नळी निघाली.

"पाचशे एकोणचाळीस," ती म्हणाली.

मुलाच्या पापण्या हलल्या. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं.

"पाचशे चाळीस," तो म्हणाला.

रत्तियानं कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तो आकडा लिहिला आणि निपोनला पुढचा माणूस आत घ्यायला सांगितलं.